लग्न कुणाचं?

ठाण्यात हल्ली कुठली भिंत रिकामी दिसली की मला तिची काळजीच वाटते. कारण तिचं पुढे काय होणार ते ठरलेलं असतं. आधी तिला गेरूसारखा चॉकलेटी रंग फासला जाणार. मग त्यावर पांढऱ्या रंगात त्रिकोणी पोटांची माणसं नाचायला लागणार. शेजारी एक झोपडी, दोन ताडाची झाडं, एक बैलगाडी. झालं! भिंत एकदम 'कल्चरल' झाली.

ऑफिसला जाताना मोजून बघा. फ्लायओव्हरचे खांब, शाळांच्या भिंती, सबवे, स्टेशनचा जिना... आणि ऑफिसात पोचलात की दिवाळीला एचआरने दिलेला कॉफी मग! सगळीकडे तीच मंडळी, तोच फेर. मी काही नाकं मुरडायला बसलेली नाही हं. मीही त्यातलीच. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये 'हमारा स्टेशन हमारी शान' नावाची मोहीम निघाली होती, आठवतेय? मुंबईच्या लोकलची स्टेशनं लोकांनी स्वतः रंगवली. मीही मित्रमैत्रिणींबरोबर एक रविवार त्यात घातला, सॉलिड मजा केली, आणि मी काय काढलं असेल? बरोब्बर. वारली. सोपं असतं ना! एक त्रिकोण सुलटा, एक उलटा, वर गोल डोकं. चित्रकलेत आयुष्यभर काठावर पास झालेल्या मुलीला आणखी काय हवं?

तर ही गोष्ट आमच्या सोसायटीच्या कंपाउंड वॉलची.

मी मूळची डोंबिवलीची, नोकरी ठाण्यात. लोकलला लटकून कंटाळले आणि लोन काढून पोखरण रोडच्या बाजूला वन बीएचके घेतला. वय तिशीच्या आत आणि घरी लॅपटॉप, एवढ्या क्वालिफिकेशनवर मला मॅनेजिंग कमिटीत घेतलं. माझी पहिलीच मीटिंग. विषय, भिंतीवर काय रंगवायचं?

सेक्रेटरी काका म्हणाले, अश्वारूढ शिवाजी महाराज. लगेच कुणीतरी म्हणालं, खाली पार्किंग आहे, लोक पान खाऊन थुंकतात, नको ती रिस्क. गुजराती भाभींना राधाकृष्ण हवे होते. मल्याळी अंकल म्हणाले, कथकलीचा एक चेहरा काढा, फार सुंदर दिसतो. पोरांना स्पायडरमॅन. मग कुणीतरी ते ठेवणीतलं वाक्य काढलं, 'अहो, मराठी माणसाच्या शहरात...' आणि आवाज चढले. चहा गार झाला. कोपऱ्यात बसलेले ईस्ट इंडियन अंकल मात्र एक शब्द बोलले नाहीत. आम्हा सगळ्यांच्या आधीपासून त्यांचं घराणं ठाण्यात आहे, पण त्यांना कुणी विचारलंच नाही.

मी आपलं दबकत म्हटलं, 'वारली करूया का?'

दोन मिनिटांत ठराव पास! भाभी खूश, अंकल खूश, सेक्रेटरी काका तर म्हणाले, 'बघा, यंग ब्लड.' मी कॉलर ताठ करून घरी आले.

कॉन्ट्रॅक्टरने चार पोरं पाठवली. मोबाइलवरचे फोटो, पुठ्ठ्याचे साचे आणि स्प्रे. पोरं मेहनती होती, दोन दिवसांत शंभर फूट भिंत उरकली. मधोमध एक मोठा चौकोन, त्याला छान नक्षीची किनार, आणि चौकोनाच्या आत आमच्या सोसायटीचं नाव. खाली 'सौजन्य' म्हणून कमिटीची नावं. माझंही! (ही हौस आपली फार जुनी आहे बरं का. येऊरच्या डोंगरापलीकडे कान्हेरीच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतले शिलालेख आहेत. त्यात देणगी देणाऱ्यांची नावं, गावं आणि धंदेसुद्धा कोरलेत. त्यातले काही दाते आपल्या कल्याणचे. म्हणजे कल्याणकरांचं 'सौजन्य' कमीत कमी दीड हजार वर्षांचं झालं!)

तिसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघाले, तर गेटपाशी हाउसकीपिंगच्या मावशी खराटा धरून भिंतीकडे बघत उभ्या.

'कसं वाटलं मावशी?' मी ऐटीत विचारलं.

'लग्न कुणाचं आहे ताई?'

मला कळेचना. 'लग्न? कुणाचंच नाही.'

'मग चौक कशाला मांडला?' त्यांनी त्या चौकोनाकडे बोट दाखवलं. 'आणि मांडलाय, तर त्यात देवी कुठाय?' मग नजर फिरवून नाचणाऱ्यांच्या फेराकडे बघितलं आणि खुदकन हसल्या. 'तारप्याला पाठ करून कुणी नाचतं का?'

मावशी येऊरच्या एका पाड्यावर राहतात. टीएमटीच्या बसने येतात. वारली आहेत. तीन वर्षं रोज मी त्यांना 'मावशी, मावशी' करत होते आणि हे मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं कधी.

त्या दिवशी ऑफिसात मी डेडलाइन गुंडाळून ठेवली आणि वाचत बसले. जे कळलं त्याने कॉलर पार खाली आली.

तो चौकोन म्हणजे लग्नचौक. वारल्यांच्या घरी लग्न असलं की घराच्या आतल्या भिंतीवर तो काढतात. काढणाऱ्या सवाष्णी. गेरू फासलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, आणि ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. आत बसते पालघट देवी, सुफलतेची. चौकाशिवाय लग्न लागत नाही. तारप्याचा नाच म्हणाल, तर वाजवणारा जिकडे वळेल तिकडे फेर वळतो, आणि तारप्याला पाठ दाखवायची नाही हा नियम. आमच्या साच्यात फेर एका पुठ्ठ्यावर होता, तारपेवाला दुसऱ्यावर. दोघांची ओळखच नव्हती!

घराच्या आतलं हे चित्र बाहेर कसं आलं? १९७०च्या दशकात. भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार डहाणूच्या पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन गेले. गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८) तेव्हा लग्न नसतानाही चित्रं काढायचे, पुरुष असूनही. १९७६ला त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ला पद्मश्री. २००३मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या म्युझियममध्ये रिचर्ड लाँग या बड्या ब्रिटिश कलाकाराच्या बरोबरीने त्यांची चित्रं लागली. म्हणजे वारली चित्र भिंतीवरून कागदावर येऊ नये, विकलं जाऊ नये, असं अजिबात नाही. मशेंनी ते जगभर नेलं, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावाने. आमच्या भिंतीवर हातही नव्हता आणि नावंही भलत्यांचीच होती.

आणि मग तो एक शब्द वाचला. लग्नगडी.

तुम्ही ऐकलाय? मी नव्हता ऐकला, आणि मी ठाणे जिल्ह्यात जन्मले, शिकले, वाढले. लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि फेडायला नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं. कर्ज फिटायचंच नाही. तो लग्नगडी. चौक मांडून लग्न लागायचं आणि त्याच लग्नापायी दोघं बांधले जायचे. वर वेठबिगार होतीच. जानेवारी १९४५मध्ये आपल्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढाकाराने. त्या परिषदेला वारली आले आणि त्याच वर्षी उंबरगाव-डहाणूत वारल्यांनी वेठ आणि लग्नगडी पद्धत उलथून टाकायला सुरुवात केली. पोलिसांच्या गोळ्याही खाल्ल्या. गोदावरीबाईंनी ते सगळं 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिलंय, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. टिटवाळा म्हटलं की आपल्याला फक्त अंगारकीची रांग आठवते. टिटवाळा लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकून मी किती वर्षं काढली, हे कुणी सांगितलंच नाही.

पुढे १ ऑगस्ट २०१४ला जिल्हा फुटला. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड सगळं पालघरला गेलं. चित्रं मात्र आपण ठेवून घेतली.

आता कुणी म्हणेल, एवढा विचार कशाला? भिंतच ती! मीही हेच म्हणत होते. पण आमच्या मीटिंगमध्ये वारलीवर एकमत का झालं, ते मला त्या दिवशी कळलं. महाराज म्हटले की कुणाचे तरी महाराज होते. राधाकृष्ण कुणाचे तरी होते, कथकली कुणाची तरी होती, म्हणून भांडण होतं. वारली सगळ्यांना चालली, कारण त्या खोलीत वारली कुणीच नव्हतं. ज्यांची होती त्या बाहेर जिना पुसत होत्या.

आणि गंमत बघा, ठाण्यात काढायला काय कमी आहे? स्टेशनबाहेर पडा आणि अर्धा-पाऊण तास चाला. तलावपाळीला कौपिनेश्वराचं देऊळ. तिथून जवळच सेंट जॉन बॅप्टिस्ट चर्च, १६६३चं, पोर्तुगीजांच्या वेळचं. टेंभी नाक्याला पारशांची अग्यारी, १७८०ची. आणि बेने इस्रायलींचं शार हाशमाईम सिनेगॉग, १८७९चं. हे ज्यू कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. घरात बोलतात मराठी. शुभकार्यात पोहे, खोबरं, फळं घालून मलिदा करतात आणि एलियाहू हन्नाबीचं नाव घेतात. आमच्या ईस्ट इंडियन अंकलना मी नंतर मुद्दाम गाठलं. ते म्हणाले, आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी 'उंबराचं पाणी' आणतात, बँड लावून विहिरीवर वरात जाते. डोळे चमकत होते त्यांचे सांगताना. तीन वर्षांत ते माझ्याशी लिफ्ट आणि पाणीकपात सोडून पहिल्यांदाच काहीतरी बोलले.

आणि डोंबिवली-कल्याणच्या गावागावातले आगरी. त्यांच्या लग्नात धवलारीण असते, धवले गाते, तिच्याशिवाय लग्न नाही. वारल्यांच्यात तीच धवलेरी. लग्न तीच लावते. शब्द ओळखीचा वाटतोय? तेराव्या शतकातल्या महदंबेचे 'धवळे' कॉलेजात मराठीच्या पेपरला होते आपल्याला! मराठीतली पहिली कवयित्री आणि येऊरच्या पाड्यावरची धवलेरी, दोघींच्या तोंडी एकच शब्द. मार्कांपुरता पाठ केलेला तो शब्द माझ्यापासून एका टीएमटीच्या अंतरावर जिवंत होता.

मे महिन्यात मावशींनी भाचीच्या लग्नाला बोलावलं. गेले. पाड्यावरचं घर सिमेंटचं, वर पत्रे, बाहेर डीजेचे स्पीकर. हो, डीजे! मी मनात जे 'एथनिक' चित्र घेऊन गेले होते ते दारातच पुसलं गेलं. आतल्या एका भिंतीला मात्र गेरू फासला होता आणि समोर तीन बायका बसल्या होत्या. वाटीत पीठ कालवलेलं, हातात काड्या. मावशींची भावजय मुख्य. गाणं चालू होतं आणि हात चालू होते. रेघ सरळ आली नाही तर कुणी पुसत नव्हतं. चौकात देवी आली. शेजारी छोट्या चौकात घोड्यावर पंचशिऱ्या आला. मी मोबाइल काढला, तर भावजय शांतपणे म्हणाल्या, 'आता नको.' मी निमूट पर्समध्ये टाकला.

'हे टिकतं किती दिवस?' मी मावशींना विचारलं.

'टिकवायचं कशाला? पुढच्या लग्नाला परत काढू की.'

आणि मला एकदम डोंबिवलीचा फडके रोड दिसला.

डोंबिवलीकरांना सांगायला नको. १९९९ला गणेश मंदिर संस्थानाने पाडव्याची स्वागतयात्रा सुरू केली आणि मग ठाणं, गिरगाव करत ती सगळीकडे गेली. शाळेत असल्यापासून आदल्या रात्री आम्ही रस्त्यावर रांगोळी घालायला जायचो. रस्ता झाडायचा, दोरीने वर्तुळं आखायची, चाळणीने रंग पसरायचे, मग पाचही बोटांनी पांढऱ्या रेघा. कंबर मोडायची. पहाटे बघाल तर चौकात बारा-पंधरा फुटांचं चित्र, आणि दुपारी बारापर्यंत हजारो पायांखाली सगळं सपाट. कुणी कधी म्हणालं नाही की यावर कोटिंग मारून टिकवूया. पुढच्या पाडव्याला परत!

त्या यात्रेत सगळी डोंबिवली असते, असं मी म्हणणार नाही. कुणाला रस्ता आपला वाटतो आणि कुणी फुटपाथवरून बघतं, हे तिथेही आहे. पण रांगोळी कुणी घातली हे आम्हाला माहीत असतं, आणि कशासाठी घातली हेसुद्धा. पाड्यावर मी हेच बघत होते. साच्याने काढलेल्या भिंतीला या दोन्हीपैकी एकाचंही उत्तर देता येत नाही. मावशींनी खराटा धरून तेच तर विचारलं होतं.

पुढच्या मीटिंगला मी ठराव मांडला. गेटजवळची वीस फूट भिंत पुसायची आणि मावशींच्या भावजयीकडून काढून घ्यायची. दर तोच, जो कॉन्ट्रॅक्टरला दिला.

बॉस, काय राडा झाला! चित्र काय असावं यावर कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. भांडण पैशांवरून. 'एवढे कशाला? त्यांचं तर पारंपरिकच असतं.' 'आवडीने करतात त्या.' 'चहा-नाश्ता देऊ, वर एखादी साडी देऊ.' मी लग्नगडीचं सांगितलं. सगळं सांगितलं, टिटवाळ्यासकट. कुणीतरी घड्याळात बघितलं. शेवटी ज्यांच्याकडून अपेक्षा नव्हती ते ईस्ट इंडियन अंकल उठले आणि म्हणाले, 'पुठ्ठ्याला पूर्ण पैसे आणि माणसाला साडी, असं कुठे असतं?' एका मताने ठराव पास झाला. एका!

भावजयींनी आधी साफ सांगितलं, चौक काढणार नाही. 'देवी घरात बसते. इथे कुत्री येतात.' मी सोसायटीच्या नावाचा तो चौकोन त्याच संध्याकाळी वॉचमनकडून रंगवून घेतला. बाकी त्यांनी काय काढायचं, ते कुणी सांगायचं नाही, अशी त्यांची अट. तीन दिवस काढत होत्या. आता आमच्या गेटपाशी डोंगर आहे, डोंगरातून उतरणारा बिबट्या आहे, चढ चढणारी टीएमटी आहे, तिच्यात दाटीवाटीने उभ्या बायका आहेत. तारपा आहे, आणि सगळे त्याच्याकडे तोंड करून नाचतायत. खुर्चीत झोपलेला एक वॉचमनसुद्धा आहे. आमच्या वॉचमनने त्याबद्दल लेखी तक्रार दिलीय. खाली कोपऱ्यात भावजयींचं नाव आणि पाड्याचं नाव.

उरलेली ऐंशी फूट साचाच आहे अजून. तारप्याला पाठ करून. तिथे काय करायचं यावर पुढच्या मीटिंगला पुन्हा भांडण होणार आहे. होऊ दे. निदान आता प्रत्येक जण आपल्या घरच्या लग्नात काय असतं ते सांगतोय. भाभींनी परवा लिफ्टमध्ये मला त्यांच्याकडच्या माणेकस्तंभाबद्दल इतकं सांगितलं की माझा मजला येऊन गेला.

आणि मावशी? काल गेटवर भेटल्या. चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तोच प्रश्न विचारला, फक्त जरा वेगळ्या सुरात.

'मग ताई, आता लग्न कुणाचं?'

आई डोंबिवलीहून रोज फोनवर हेच विचारते, आता ठाण्यातही सुरू! मी म्हटलं, बघू. तर म्हणतात, ठरलं की सांगा, भावजयीला घेऊन येते चौक मांडायला.

घरात हं. कंपाउंड वॉलवर नाही.